चालत्या घरातला निरीक्षक

आमच्या मुलीच्या, तेन्रीच्या, भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पानोपानी आगगाड्या धावतात. एक पूर्वेकडून येते, एक पश्चिमेकडून येते, आणि मधे फलाटावर एक निरीक्षक उभा असतो. त्या बिचाऱ्याला गाडी पकडायची नसते, कुणाला उतरवून घ्यायचं नसतं, तो नुसता बघत राहतो. सरकारी नोकर असावा. मीही जमीन नोंदणी कचेरीत आहे, त्यामुळे ओळखतो.

पण आमच्या सोप्पेंग जिल्ह्यात आगगाडीच नाही. झाडाला उलटी लटकलेली मोठाली वटवाघळं आहेत, कोको आहे, भात आहे, रूळ नाहीत. आमच्या गावातली सगळ्यात वेगवान गोष्ट म्हणजे बातमी, आणि तिचा वेग कुठल्याच पुस्तकात दिलेला नाही.

तर जेवताना तेन्रीनं गृहपाठ वाचून दाखवला. "चालत्या बंद खोलीत चेंडू सरळ वर उडवा. तो कुठे पडतो? बाहेर न बघता आतल्या माणसाला सांगता येतं का, की खोली चालतेय का उभी आहे? वस्तू पडताना आतल्याला आणि बाहेरच्याला तिची वाट सारखीच दिसते का? प्रत्यक्ष प्रयोग करून लिहा. घरच्यांची मदत घ्या. फोनवरून उतरवू नका."

"घरच्यांची म्हणजे यांची?" माझी बायको नुरसिया म्हणाली. "मग फोन काय वाईट?"

मी भाताचा घास खाली ठेवला. तेन्री पहिलीत होती तेव्हापासून तिचा गृहपाठ या घरात मी घेतो. बेडकाचं चित्र काढायचं होतं तेव्हा मी बेडूक पकडून आणला होता. आता तो चित्र वाळायच्या आत निसटला आणि नुरसियाच्या पिठात सापडला, हा भाग वेगळा. चित्राला बक्षीस मिळालं होतं.

"सापेक्षता ना?" मी म्हणालो. "सोपी असते. मला शाळेत फार आवडायची."

"बाबा, हे खरंच महत्त्वाचं आहे हं," तेन्री म्हणाली. तिचा आवाज जरा बारीक झाला होता. भौतिकशास्त्राच्या दोन चाचण्या तिच्या हातून गेल्या होत्या. रहमतिया बाईंनी सांगितलं होतं, हा गृहपाठ जमला तर विज्ञानाच्या वर्गात राहा, नाही जमला तर दुसऱ्या वर्गात बस. आणि पोरीला पूल बांधायचेत. आमच्या ओढ्यावरचा पूल दर पावसाळ्यात वाहून जातो, आणि ही दर पावसाळ्यात छत्री घेऊन काठावर उभी राहते आणि तो कसा बांधायला हवा होता ते वाहत्या पुलाला सांगते. असं पोर दुसऱ्या वर्गात बसवायचं म्हणजे मासा झाडावर ठेवल्यासारखं.

"सोमवारपर्यंत ना? झालं म्हणून समज," मी म्हणालो. माझी बहुतेक संकटं याच वाक्यानं सुरू होतात.

पहिला प्रयोग मोटरसायकलवर झाला. मी पुढे, तेन्री मागे, चेंडू नव्हता म्हणून तिच्या हातात लिंबू. मी वेग धरला, मान ताठ ठेवली आणि ओरडलो, "उडव!" तिनं उडवलं. लिंबू वर गेलं आणि वारा त्याला मागे घेऊन गेला. ते पडलं हाज्जा मुलियांच्या अंगणात, माशांच्या टोपलीत. हजला जाऊन आलेल्या म्हणून हाज्जा, आणि हाज्जा मुलिया म्हणजे आमच्या गल्लीचं सर्वोच्च न्यायालय. तिथं अपील नाही.

"बहारुद्दीन!" त्या अंगणातून ओरडल्या. "माझ्या माशांवर लिंबू कोण पिळतंय?"

"हाज्जा, विज्ञान आहे!"

"विज्ञान आपल्या घरी कर! मासे विकायचेत मला, मुरवायचे नाहीत!"

तेन्री म्हणाली, "बाबा, खोली बंद हवी. वारा लागला की सगळं चुकतं." हे आधी का नाही बोललीस, असं मी विचारलं नाही, कारण ती आधीच बोलली होती.

दुसरा प्रयोग मेव्हण्याच्या गाडीत. काचा बंद, वारा बंद. पण खोलीचा वेग एकसारखा हवा, आणि आमच्या रस्त्यावर एकसारखा फक्त खड्डा असतो. त्यातून ज्याच्या घरापुढून पोरं भरधाव जातात, तो आपापल्या दारात सिमेंटचा गतिरोधक घालतो. शेजाऱ्यानं एक घातला की दुसरा दोन घालतो. इज्जतीचा प्रश्न असतो. चेंडू प्रत्येक गतिरोधकाला माझ्या डोक्यावर पडला. शेवटच्या गतिरोधकाला माझं डोकंच छतावर पडलं. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, निष्कर्ष काय लिहायचा? टाळू?"

संध्याकाळी ओट्यावर डोक्याला तेल चोळत बसलो होतो तर आंबो साक्का आले. आंबो म्हणजे खरं तर बाप, पण आमच्याकडे केस पिकले की माणूस गावाचा आंबो होतो. यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन भातखाचरांच्या पलीकडे राहते. "बाबा, माझ्याकडे राहायला या," असं ती वर्षभर म्हणत होती. आंबो साक्कांना जावयाच्या घरात राहणं पटेना. म्हणून त्यांनी ठरवलं, आपण आपल्याच घरात राहायचं, फक्त घर तिच्या शेजारी न्यायचं.

यात आम्हाला काही विशेष वाटत नाही. आमची जुनी घरं लाकडी, उंच खांबांवर उभी. खांबांना बांबू बांधायचे, शुक्रवारची नमाज झाली की मशिदीतून हाक द्यायची, सगळा गाव खांदा लावतो आणि घर चालायला लागतं. बायका पलीकडे कॉफी आणि बारोंको तयार ठेवतात. केळीच्या पानात वाफवलेला तो गोड लगदा गार झाल्यावरच चांगला लागतो, त्यामुळे घर उशिरा पोचलं तरी कुणाची तक्रार नसते.

"या शुक्रवारी माझं घर निघतंय," आंबो साक्का म्हणाले. "खांदा द्यायला ये. आणि कॉफी कमी पी, गेल्या वेळी तू खांद्यापेक्षा कॉफीच जास्त..."

मी आणि तेन्रीनं एकमेकांकडे बघितलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "बंद खोली."

"चालती," मी म्हणालो.

"खाचरं कापून झालीत. जमीन सपाट. गतिरोधक नाहीत!"

आंबो साक्कांनी ऐकून घेतलं. आत माणसं बसवून घर न्यायचं म्हणजे वाहणाऱ्यांवर जास्तीचा भार. "पोरगी बसू दे, चिमणीएवढी आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे, विशेषतः माझ्या पोटाकडे, बराच वेळ बघत राहिले. "तू कशाला?"

"आतला निरीक्षक लागतो. पुस्तकात आहे."

"बरं. पण गावप्रमुखाला विचार. उद्या काही झालं तर म्हणेल मला सांगितलं नाही."

इथं माझं चुकलं. घर हलवायला आमच्याकडे कुणाची परवानगी लागत नाही. पण गृहपाठ हलवायला लागते, हे मला गावप्रमुखांच्या खोलीत कळलं.

"नुसता गृहपाठ म्हणून कसं चालेल?" गावप्रमुख खुर्चीत मागे रेलले. "याला कार्यक्रम म्हणा. कार्यक्रम म्हटलं की प्रस्ताव आला. प्रस्ताव म्हटलं की पार्श्वभूमी, उद्दिष्टं, समिती."

"साहेब, एक मुलगी एक चेंडू उडवणार आहे."

"मग क्रीडा विभागही घ्या."

मी हात जोडायचे तेवढे बाकी होते. तेव्हा ते प्रेमानं म्हणाले, "बहारुद्दीन, तुमच्या कचेरीत मी जमिनीच्या उताऱ्याला आलो होतो. तुम्ही काय म्हणालात आठवतं? 'अर्जाला अर्ज जोडून आणा.'"

मला आठवत होतं. माझं वाक्य आहे ते, मी फार वापरतो.

प्रस्ताव लिहिला. समितीत संरक्षक गावप्रमुख, सल्लागार गावप्रमुखांचे सासरे, अध्यक्ष गावप्रमुखांचे भाऊ, खानपान विभाग नुरसिया. तेन्रीचं नाव बसेना, तेव्हा तिला "इतर" मध्ये घातलं. मग गावप्रमुखांनी तालुक्याच्या साहेबांना निमंत्रण दिलं. साहेब येणार म्हणजे भाषण आलं. भाषण म्हणजे कर्णा आला. आणि कार्यक्रम असून फलक नाही, असं आमच्या देशात अजून घडलेलं नाही. फलक आला तो आंबो साक्कांच्या घराएवढा. त्यावर "गृहस्थलांतर व सापेक्षता सोहळा" असं लिहिलेलं, एका बाजूला साहेबांचा चेहरा, दुसऱ्या बाजूला गावप्रमुखांचा. मधे जागा उरली तिथं आइन्स्टाइनचा हवा होता, पण छापणाऱ्याला सापडला नाही म्हणून त्यानं वटवाघूळ छापलं.

एवढा फलक लावायचा कुठं? घरालाच गुंडाळला. त्यानं सगळ्या खिडक्या झाकल्या गेल्या. कर्णा ओसरीच्या खांबाला बांधला, वाहणाऱ्यांना "उचला, ठेवा" ऐकू जावं म्हणून.

"बघ," मी तेन्रीला म्हणालो, "खोली कशी बंद झाली! प्रशासनाचा असाही उपयोग असतो."

शुक्रवारी नमाज झाली आणि गाव जमला. वाहण्याआधी घराची शिडी काढून ठेवतात, म्हणून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला बांबूची एक शिडी टेकवून आम्ही दोघं वर चढलो. खालून लगेच सुरू झालं.

"अरे, पोतं ठेवलं का रे वर?"

"पोतं नाही, बहारुद्दीन!"

"मग माझा खांदा पलीकडच्या कोपऱ्याला द्या, मी या बाजूला नाही!"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. निरीक्षकानं तटस्थ राहायचं असतं. तेन्री माजघरात चटईवर बसली, चेंडू मांडीवर. नुरसिया बाहेर फोन घेऊन उभी होती. ती बाहेरची निरीक्षक. तिला मी बजावलं होतं, "काय वाट्टेल ते झालं तरी चित्रण थांबवायचं नाही." हे वाक्य मला नंतर फार नडलं.

"हैश्शा!" आंबो साक्का ओरडले आणि घर उचललं गेलं. भांडी वाजली. घर डुललं, दोन हेलकावे बसले, मग डुलणं थांबलं. खाली आरडाओरडा चालू, कर्ण्यासाठी ओसरीवर ठेवलेल्या जनित्राची घरघर चालू, पायाखालची फळी थरथरतेय. मी डोळे मिटले. काय सुंदर, संथ, एकसारखा वेग!

"उडव," मी म्हणालो.

तेन्रीनं चेंडू उडवला. सरळ वर गेला, सरळ तिच्या हातात पडला. पुन्हा उडवला. पुन्हा हातात.

"लिही!" मी म्हणालो. "घर वेगानं चाललेलं असूनही चेंडू हातातच पडतो. आतल्या अनुभवी निरीक्षकाला मात्र घराची गती स्पष्ट जाणवते. मला तर दिशाही कळतेय. आत्ता आपण आंब्याच्या झाडापाशी वळलो."

"खरंच कळतंय, बाबा?"

"रक्तातच असावं लागतं."

तिनं शंकेनं मागचं दार किलकिलं केलं. बाहेर आंबो साक्कांचाच फणस होता. आमची शिडी दाराला टेकलेली होती. शिडीखाली आंबो साक्कांची कोंबडी बसलेली होती, ती मघाशीही तिथंच होती.

"वहिनी, उचललं ना घर?" मी दारातून नुरसियाच्या शेजारच्या बाईला ओरडून विचारलं.

"उचललं आणि ठेवलं!" हाज्जा मुलियाच मधे बोलल्या. "साहेब आले ना! आता भाषण. बस तिथंच, हलू नकोस. नाहीतरी हललायस कुठं!"

सगळा गाव हसला. मी दार लावून घेतलं. स्वाभिमान असलेल्या माणसानं अशा वेळी काय करावं? मी थर्मासमधली कॉफी ओतली आणि पोरीकडे पाठ करून बसलो. बाहेर कर्ण्यातून साहेबांचं भाषण सुरू झालं. "आदरणीय, सन्माननीय, वंदनीय..." आमच्याकडे विशेषणं संपेपर्यंत कॉफी गार होते.

"बाबा, रागावलात?"

"मी कशाला रागावू? विज्ञानात चुका होतात." जरा वेळानं मी म्हणालो, "तुझा गृहपाठ मात्र बुडवला मी. ते पुलाचं..."

"अजून घर न्यायचंय ना," ती म्हणाली आणि आईनं बांधून दिलेला तिच्या वाटणीचा बारोंको तिनं माझ्यापुढे सरकवला. तो मी खाल्ला. दुःखात गोड चालतं.

भाषण चालूच. साहेब आता राष्ट्रउभारणीत लाकडी घरांचं स्थान सांगत होते. आवाज अगदी कानाशी. मी उठलो.

"हे भाषण संपेपर्यंत घर जागचं हलणार नाही. ही गोष्ट मात्र मी छातीठोकपणे सांगतो. मी खाली जाऊन आंबोंना विचारून येतो."

"बाबा, आधी बाहेर बघा..."

"तेन्री, घर हलतंय की नाही हे कळायला आता मला बाहेर बघायची गरज नाही. एकदा चुकलो म्हणजे..." असं मागे वळून बोलत बोलत मी दार उघडलं आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

पायरी नव्हती. शिडी नव्हती. फणस नव्हता. कोंबडीसुद्धा नव्हती.

झालं होतं ते असं. ऊन वाढलं, भाषण वाढलं, पलीकडून कॉफीचा वास यायला लागला. वाहणाऱ्यांचा धीर सुटला. पण मोठा माणूस बोलत असताना ओरडणं आमच्याकडे असभ्य मानतात. म्हणून आंबो साक्कांनी नुसती मान हलवली, आणि सगळ्यांनी अदबीनं, चूपचाप, पावलात पाऊल टाकत घर उचलून नेलं. कर्णा घराला बांधलेला, साहेबांच्या हातात बिनतारी माइक. त्यामुळे भाषण घराबरोबर चाललं होतं आणि साहेब एकटेच मागे कोंबडीसमोर उभे होते. डोळे मिटून बोलायची सवय असल्यामुळे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

घर त्या क्षणी हाज्जा मुलियांच्या मत्स्यतळ्याच्या काठानं चाललं होतं.

मी कसा पडलो हे मी सांगू शकत नाही, कारण निरीक्षक मी नव्हतो, मी वस्तू होतो. पाण्याचा आवाज मात्र मोठा झाला. लगेच घराचा भार एकदम कमी झाला आणि वाहणाऱ्यांनी अदब विसरून अशी आनंदाची आरोळी ठोकली की तालुक्याच्या साहेबांना वाटलं टाळ्या पडल्या. ते दुरून कर्ण्यात म्हणाले, "धन्यवाद, धन्यवाद!"

मी डोकं वर काढलं. काठावर हाज्जा मुलिया.

"आधी लिंबू धाडलंस," त्या म्हणाल्या, "आता स्वतः आलास. मीठ कधी आणतोस?"

नुरसिया ओढणी तोंडाला लावून हसत होती, पण फोन तसाच धरलेला. मी सांगितलं होतं ना, थांबवायचं नाही.

मी चिखलासकट घरी आलो आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. पोरीचा गृहपाठ गेला, विज्ञानाचा वर्ग गेला, पूल गेला. सगळं माझ्या पायाखालच्या एका पायरीनं नेलं. बाजूच्या खोलीत मायलेकी फोनवर ते चित्रण पुन्हा पुन्हा लावत होत्या. प्रत्येक वेळी मी पुन्हा पडत होतो. आवाजावरून कळत होतं.

"बाबा!" तेन्री धावत आली. "उठा! सगळी उत्तरं मिळाली!"

"चेष्टा करू नकोस."

"ऐका तरी. आतल्याला कळतं का घर चालतंय की उभं आहे? घर उभं होतं तेव्हा तुम्ही शपथेवर सांगितलं चालतंय. चालत होतं तेव्हा सांगितलं उभं आहे. कळतच नाही, बाबा! आणि दुसरा प्रश्न, पडणाऱ्या वस्तूची वाट. मी दारातून बघत होते. तुम्ही पाण्यात पोचेपर्यंत दाराच्या अगदी सरळ खाली होतात, पुढे नाही, मागे नाही. आणि हे आईचं बघा. काठावरून तुम्ही सरळ पडत नाही, घराबरोबर पुढे जात जात पडता. वाकडी रेघ! घरानं तुम्हाला सोडलं, पण घराचा वेग तुम्ही सोडला नाहीत!"

मी बघितलं. खरंच, काय डौलदार वळण होतं. हात पसरलेले, तोंड उघडं, पोट पुढे. पक्षी नाही म्हणता येणार, पण फणसही नाही.

"चेंडूनं हे जमलं नसतं," नुरसिया म्हणाली. "चेंडू इतका छातीठोक नसतो." आणि माझ्या केसातलं शेवाळ काढत बसली.

सोमवारी मी कचेरीत कुणालाच "उद्या या" म्हणालो नाही. लक्षच नव्हतं. चार अर्ज चुकून मंजूर झाले. तेन्री शाळेतून थेट माझ्या टेबलापाशी आली, गृहपाठाचं पान पुढे ठेवलं. पैकीच्या पैकी. खाली लाल शाईत लिहिलेलं:

"वर्गात राहावे. प्रयोग उत्तम. आतला निरीक्षक विशेष विश्वासार्ह, त्याला शेवटपर्यंत काहीही कळले नाही."

ते पान मी चौकटीत घालून बैठकीत लावलंय. आंबो साक्का आता मुलीच्या शेजारी सुखात आहेत. कधी खाचरं ओलांडून आले की आधी ते वाचतात, मग माझ्याकडे बघतात, आणि म्हणतात, "पोरीसाठी मी घर हलवलं, बहारुद्दीन. पण पडायला तूच लागलास."

मी मान लववतो. मोठ्यांचं कौतुक नम्रपणे घ्यावं.